उशिरा येणारं उत्तर

मार्च लागला की आमच्या बीदर जिल्ह्यातल्या भालकीकडचं आभाळ पांढरं पडतं. ढग नाहीत, निळाई नाही, नुसतं धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं. कारखान्याला जायचा ऊस संपत आलेला असतो आणि मोकळ्या झालेल्या फडांतलं पाचट लोक पेटवून देतात. त्याची काळी, हलकी राख वाऱ्यानं गावात येते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, रांजणाच्या झाकणावर, सावलीत निजलेल्या कुत्र्याच्या पाठीवर बसते. झटकायला गेलं की तिचं काजळ होतं आणि डाग आणखी पसरतो. वसंत म्हटला की लोकांना मोहोर आठवतो, कोकीळ आठवते. मला ही राख आठवते, आणि तिच्याबरोबर दहावीची परीक्षा. काल अंगणात बसून काम करत होते तर लॅपटॉपच्या बटणांवर चार-दोन काळ्या पापड्या उतरल्या.

दहावीची परीक्षा माझी नव्हे. ती मी केव्हाच देऊन मोकळी झाले. ज्या मोसमाचं मी बोलते आहे तेव्हा मी बीदरला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होते, रोज सकाळच्या बसनं जात होते आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या हातानं बनवत होते. वर्षाअखेरीला प्रोजेक्ट करून दाखवायचा असतो. वर्गातल्या निम्म्या मंडळींनी ग्रंथालयाचं नाहीतर दवाखान्याचं सॉफ्टवेअर घेतलं, म्हणजे वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी घेऊन त्यावरचं नाव बदललं. मला आणि माझी जोडीदारीण शबानाला मात्र खुमखुमी होती. आम्ही ठरवलं, प्रश्नमंजुषेचा खेळ करायचा, आणि तोही अनेकांनी एकाच वेळी खेळायचा.

खेळ साधा होता. एकानं खेळ उघडायचा, त्याला एक नंबर मिळतो. तो नंबर ज्यानं ज्यानं आपल्या फोनवर टाकला तो आत आला, मग तो बीदरात असो नाहीतर हैदराबादेत. सगळ्यांच्या फोनवर एकदमच प्रश्न उमटणार, खाली चार पर्याय, कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. लवकर आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण; घड्याळ संपलं तरी उत्तर देता येणार, गुण मात्र कमी. कुणाचं उत्तर यायचं राहिलं असेल तर सगळ्यांच्या पडद्यावर त्याचं नाव दिसणार, ‘वाट पाहत आहे’ असं लिहून. आमच्या सीमाभागाला शोभेल म्हणून प्रश्न मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत ठेवले, आलटून पालटून. ही शक्कल माझी, आणि तिचा मला फार अभिमान होता.

शिकाऊ माणसाचं काम ते. पहिले कित्येक दिवस आमचा अनेकांचा खेळ एकटाच माणूस खेळू शकत होता, आणि तोही हरत होता. कोडमधला एक कंस इकडचा तिकडे झाला की सगळं ठप्प. एकदा दुसऱ्याच्या उत्तराचे गुण तिसऱ्याला जायला लागले. मग एका दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये शबानानं तिच्या फोनवर बोट टेकवलं आणि तिचं उत्तर माझ्या पडद्यावर टुणकन येऊन बसलं. “हौ! आ गया!” ती एवढ्यानं ओरडली की लॅबवाले सर धावत आले. त्याच क्षणी डोक्यावरून हवाई दलाचं विमान गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि पुढचं तिचं बोलणं मला ऐकूच आलं नाही. बीदरला हे रोजचंच आहे. तरी त्या दुपारची ती थरथर माझ्या अजून हातात आहे.

खेळ तयार झाला तर खेळायला माणसं हवीत. ती घरची धरली. आई, अप्पा, हैदराबादला नोकरीला असलेला मिलिंददादा, बीदरहून शबाना. मी खेळ चालवणार. दिवेलागणीला आई चुलीपुढून उठायची, पदराला हात पुसून फोन घ्यायची. अप्पा भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली, त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत.

अप्पा गावच्या मराठी हायस्कुलात समाजशास्त्र शिकवायचे. आमच्या बौद्धांच्या गल्लीतून मास्तर झालेले ते पहिले. ज्या गावात त्यांच्या वडिलांना शाळेच्या व्हरांड्यात वेगळं बसवलं गेलं, त्या गावात लोक त्यांना बघून बिडी मागे लपवायचे. निवृत्तीच्या आधीची त्यांची ती शेवटची दहावीची परीक्षा होती. परीक्षेच्या खोलीवर पर्यवेक्षक म्हणून उभं राहणं हे काम इतर मास्तरांना कटकटीचं वाटतं. अप्पांना ते सगळ्यांत मोठं वाटायचं. “खोलीतल्या पोरांचं वरीस त्या दिवशी आपल्या हातात असतंय,” ते म्हणायचे. कुणाला कोणता पेपर दिला, कुणी नंबर कुठं लिहिला, घंटा झाली की नाही, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नीट लागला की नाही. यांतलं एक चुकलं तर एखाद्या पोराचं सगळंच चुकतं. अप्पांचं कधी चुकलं नव्हतं. सगळा गाव त्यांना त्यासाठी ओळखत होता, आणि घंटा झाल्यावर ते कुणालाही आत घेत नाहीत यासाठीही.

पहिले काही दिवस त्यांनी आम्हाला धुऊन काढलं. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत त्यांचं उत्तर यायचं. मिलिंददादा तिकडून फोनवर कुरकुर करायचा, “अप्पांना प्रश्न आधीच दाखवलेस की काय?” अप्पा मिशीत हसायचे. त्या हसण्यावर मी दिवसभराच्या बसप्रवासाचा शीण विसरायचे.

मग कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, पडद्यावर ते नाव दिसायला लागलं. ‘वाट पाहत आहे: अप्पा’.

आधी फक्त कन्नड प्रश्नांना. मराठी प्रश्नाला झटकन, उर्दूला बऱ्यापैकी, आणि कन्नड प्रश्न आला की सगळे थांबलेले. आई फोन मांडीवर ठेवून बसलेली, दादा तिकडे जांभया देतोय, आणि अप्पा चष्मा पुढे-मागे करतायत. मला वाटलं, त्यांच्या जुन्या फोनवर कन्नड अक्षरं उमटायला वेळ लागतोय. मी फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा साचा, बदलला. मग वाटलं, माझंच कन्नड कच्चं, प्रश्न नीट लिहिले गेले नसतील. ते परत लिहिले. शिकाऊ माणसाचा एक गुण असतो, काहीही बिघडलं की त्याला आपलीच चूक वाटते. मला तर चूक आपलीच असावी असं मनापासून वाटत होतं.

आमच्या भागात माणूस विसरायला लागला तरी कुणाच्या ध्यानात येत नाही, हे मला आता कळतं. इथं प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या भाषेत अडखळतोच. कुलूप हा शब्द जिभेवर आला नाही तर ताला म्हणायचं, तोही नाही आला तर कन्नडातला बीगा. समोरच्याला तिन्ही कळतात, तो हसून पुढं बोलतो. बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत आमचं निम्मं बोलणं असंच उसनं असतं, आणि त्याचा आम्हाला केवढा गर्व. अप्पा त्या दिवसांत उर्दू शब्द फार वापरायला लागले होते. आई थट्टा करायची, “तुझे अप्पा म्हातारपणी हैदराबादी व्हायलेत बघ.” आम्ही सगळे हसायचो. ते दर वेळी एक शब्द गमावत होते आणि आम्ही हसत होतो.

एक दिवस ते भालकीहून येताना आपल्या थांब्यावर उतरलेच नाहीत. पुढच्या गावाला उतरून, भर उन्हात सडकेनं चालत आले. तोंड लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला. “ड्रायव्हरनं थांबवलीच न्हाई गाडी,” म्हणाले. आईनं गूळ-पाणी दिलं, ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडली. संध्याकाळी ती मला एकटीला म्हणाली, “ड्रायव्हर आपल्याच गल्लीतल्या सुमनचा जावई हाय. तो कामून थांबवणार न्हाई?” आणि उत्तराची वाट न बघता चुलीसाठी शेणी आणायला निघून गेली.

मग अप्पा खेळात बदल सुचवायला लागले. कॉलेजातले सर सांगायचे, वापरणारा काय म्हणतो ते ऐका, त्यावरूनच सॉफ्टवेअर सुधारतं. मी ऐकत होते.

“सुजाता, ते कन्नड काढून टाक गं. घरात कन्नडचं काय काम?”

काढलं.

आणखी काही दिवसांनी म्हणाले, “ते घड्याळ डोळ्यापुढं फिरतंय ना, त्यानं ध्यान लागत न्हाई.” मी घड्याळ काढायची सोय केली. मग म्हणाले, मागे राहिलेल्या, चुकलेल्या माणसाचं नाव सगळ्यांना दिसतं ते बरं नाही, पोरं नाउमेद होतात. बरोबर बोलले असं मला वाटलं, मास्तरच ते. नावं लपवली. शबाना बीदरहून फोन करायची, “अंकल के वास्ते और क्या क्या बदल्ना है बोल, एकदम कर डालते.” तिच्या बोलण्यात चेष्टा होती. तरी रात्र पडायच्या आत ती तिच्या वाटचं काम संपवून पाठवायची.

घड्याळ काढलं, नावं लपवली, आणि तरीही खेळ थांबायचाच, आता मराठी प्रश्नालाही. कारण सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय पुढचा प्रश्न निघत नसे, हा नियम मी पहिल्याच आठवड्यात घालून ठेवला होता. घरात नुसती शांतता पसरायची. अंगणातल्या लिंबाच्या फुलोऱ्याचा वास दाटलेला, दूर कुठंतरी पाचट चरचरतंय, आणि आम्ही एका माणसाची वाट बघतोय. त्या शांततेत मला अप्पांच्या तोंडाकडं बघवत नसे. मी सर्व्हरला शिव्या देत असे. सर्व्हर म्हणजे जिथून खेळ चालतो ते दूरचं मशीन. आमचं फुकटातलं होतं, मध्येच झोपी जायचं, त्यामुळे त्याच्यावर कुठलाही आळ घेता येत होता.

एका संध्याकाळी प्रश्न आला, मांजरा नदी कोणत्या नदीला मिळते? मांजरा आमच्या उशाशी वाहते. अप्पांनी गावातल्या दोन पिढ्यांना तिचा नकाशा फळ्यावर काढून शिकवला. मीही त्यांच्याच वर्गात शिकले, ते खडूनं वळण कसं घ्यायचे ते मला अजून दिसतं. आईनं गोदावरी दाबलं. दादानं दाबलं. आम्ही थांबलो. मग अप्पांचं उत्तर आलं. कृष्णा.

नावं लपवलेली होती. पण खेळ चालवणारीला दिसतात.

“भाकर करपायली,” म्हणत आई उठली. तव्यावर भाकर नव्हतीच. आईनं पीठसुद्धा मळलेलं नव्हतं. ती चुलीपुढं जाऊन पाठमोरी बसली आणि तिनं पदर तोंडाला लावलेला मला दिसला. तिला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. ती त्यांचा चष्मा, पाकीट, छत्री एका जागी मांडून ठेवायला लागली होती, पाहुणे आले की अप्पांना कळावं म्हणून त्यांची नावं मोठ्यानं घ्यायला लागली होती, आणि मला हे सगळं नवऱ्याचे लाड वाटत होते.

परीक्षा तोंडावर आली. अप्पांच्या ड्युटीचा कागद आला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, उघडून परत वाचला. मी शबानाला फोन केला आणि म्हटलं, तू येऊन एकदा अप्पांचा फोन बघ, मला चूक सापडत नाहीये. ती रविवारी आली. येताना बीदरहून खारी आणली, आईशी गप्पा मारल्या, कोड वरपासून खालपर्यंत वाचला. काही सापडलं नाही. मग तिला आठवलं की लॅबमध्ये आम्ही काय करतो. एखादा कॉम्प्युटर बिघडला की त्याची वायर दुसऱ्याला लावून बघतो. बिघाड वायरबरोबर सरकला तर वायर खराब, जागेवर राहिला तर कॉम्प्युटर.

“अंकल,” ती म्हणाली, “तुमे मेरा फोन लेव, तुम्हारा मेरे को देव. जरा देखना है.”

अप्पांनी फोन दिला. शबानाचा नवा, चकचकीत फोन हातात घेतला. नावं परत दिसू लागतील असं मी करून ठेवलं होतं, चाचणी होती म्हणून. खेळ सुरू झाला. मराठीच प्रश्न. पहिल्या प्रश्नाला अप्पांच्या फोनवरून, म्हणजे शबानाच्या बोटानं, उत्तर क्षणात आलं. जुना फोन ठणठणीत होता. नेटवर्क ठणठणीत होतं. सर्व्हर जागा होता. आणि अप्पांच्या हातातल्या फोनच्या नावानं पडद्यावर ओळ उमटली, ‘वाट पाहत आहे: शबाना’.

दुसऱ्या प्रश्नाला तेच. तिसऱ्याला तेच. शबानानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अप्पा फोनवर वाकलेले, बोट हवेत धरलेलं, ते पर्यायांवरून इकडून तिकडे फिरत होतं. खोलीत ऊन तापल्याचा वास होता. मी खेळ बंद केला आणि म्हटलं, नेट गेलं.

मी शबानाला थांब्यावर सोडायला गेले. बस लांबून धुरळा उडवत येताना दिसली तेव्हा तिनं माझा हात धरला. “सुजाता, खेल में कुछ नै है,” म्हणाली. एवढंच. मला ते माहीत होतं. तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं आणि मी भर थांब्यावर, गावच्या लोकांसमोर, हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही; दुपारी शाळेतून येऊन अप्पांनी मला हाक मारली. बाहेर झळा मारत होत्या, वावटळ गल्लीतून कागद उडवत चालली होती. आई आत डाळ निवडत होती.

“काल फोन कामून बदललात गं तुम्ही?”

“आम्ही टेस्टिंग करायलो होतो, अप्पा.”

“मग? चूक घावली का?”

मी लॅपटॉप मिटला. ते हसले. “मी मास्तर हाय बाई. एखादं पोरगं कॉपी करायलंय अशी शंका आली की आमी बी त्याचं बाकडं बदलून बघतो. कॉपी बाकड्यापशी राहत न्हाई, पोरासंगं जाती.”

मला वाटलं जमीन फाटावी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “लई दिवसापासून कळायलंय मला. वर्गात बी व्हायलंय. पोरांची नावं येत न्हाईत. परवा फळ्यापुढं उभा राहिलो आन् कामून उभा राहिलो तेच आठवंना.” मग आवाज खाली करून म्हणाले, “मी हेडसरांना सांगणार हाय. ड्युटी नको म्हणून.”

आई आतून तरातरा बाहेर आली. सूप तिच्या हातात तसंच. “काय गरज हाय सांगायची? तीन तास उभं तर राहायचंय! जलमभर मास्तर म्हणून मान घेतला, आता जाता जाता डोस्कं फिरलं म्हणवून घ्यायचं? कुणापुढं? ह्या गावापुढं?”

तिचं खोटं नव्हतं. ज्या गावानं एका पिढीला व्हरांड्यात बसवलं ते गाव बोलायला टपलेलं असतं, हे तिला आमच्याहून जास्त माहीत. अप्पा शांतपणे म्हणाले, “एखाद्या पोराच्या नंबरावर दुसऱ्याचा पेपर गेला, तर? मान माझा आन् वरीस त्याचं?”

आई खाली बसली. डाळ सांडली. कुणी ती उचलली नाही.

संध्याकाळी ते हेडसरांच्या घरी जाऊन सांगून आले. मी सोबत गेले होते, दारात उभी होते. साठीला आलेला माणूस वयानं लहान असलेल्या साहेबापुढं बसून सांगत होता की माझ्या डोक्यावर मला भरवसा उरलेला नाही. हेडसर भले, त्यांनी अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. येताना अप्पा हलके वाटले. जेवताना त्यांनी एक भाकर जास्त मागून घेतली. मला वाटलं, सगळ्यांत अवघड ते होऊन गेलं.

मी किती भाबडी होते. परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी मी बीदरची बस धरायला निघाले तर अप्पा अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून चपला शोधत होते.

“अप्पा, कुठं निघालात?”

“कुठं म्हणजे? ड्युटी हाय की आज.”

“तुम्ही नको म्हणून सांगितलं ना हेडसरांना.”

“मी?” ते खरोखर चकित झाले. “मी कामून सांगन?”

ते सांगून आले होते, हेच ते विसरले होते. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं. सांगायचं माझ्यावर आलं. मी सांगितलं. थांबा चुकला ते, फोन बदलून बघितले ते, फळा, हेडसर. जसजशी सांगत गेले तसतसं त्यांचं तोंड उतरत गेलं. आपल्याला काय झालंय ते त्यांना त्या सकाळी नव्यानं कळत होतं. बाहेरून पोरांचा घोळका शाळेकडं निघालेला ऐकू येत होता. अप्पा खुर्चीत बसले. मग विचारलं, “मी स्वतःहून सांगितलं व्हय?”

“व्हय अप्पा. तुम्ही स्वतःहून.”

“मग बरं केलं मी,” म्हणाले, आणि खिशाचं पेन काढून माझ्या हातात दिलं.

पुढच्या पेपराला परत तेच. अंघोळ, पांढरा शर्ट, चपला. मी परत सांगितलं. त्याच्या पुढच्या पेपरालाही. परीक्षा संपेपर्यंत दर पेपराला मी त्यांना सांगत राहिले, आणि दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकत होते. मी वाक्यं कमी करून बघितली, फिरवून बघितली, एकदा तर खोटं सांगून बघितलं, की पेपर पुढं ढकललाय. त्या दिवशी ते शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन पोरांना विचारून आले आणि माझ्यावर असे रागावले की मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही. खरंच सांगायचे. आणि खरं ऐकलं की ते दर वेळी तेच म्हणायचे, बरं केलं मी. एकदाही म्हणाले नाहीत की कामून केलं. माणसं धीटपणा एकदा दाखवतात आणि जन्मभर त्याच्या गोष्टी सांगतात. माझ्या बापाला तो दर पेपराला पहिल्यापासून दाखवावा लागला आणि त्यांच्यापाशी त्याची एकही गोष्ट राहिली नाही. ती मीच सांगायची, म्हणून सांगते आहे.

त्याच दिवसांत आमचा प्रोजेक्टही दाखवून झाला. बाहेरून आलेल्या सरांना खेळातली एक सोय फार आवडली. खेळात शिरायचं, सगळ्यांचे प्रश्न आणि उत्तरं बघायची, पण आपण उत्तर द्यायचं नाही. खेळही कुणासाठी थांबत नाही. “ही कल्पना कुणाची?” त्यांनी विचारलं. शबाना माझ्याकडं बघायला लागली. अप्पांनी शेवटचा सुचवलेला बदल होता तो. “मी नुसता बघत बसतो, तुमी खेळा,” म्हणाले होते. मी सरांना सांगितलं, एका वापरणाऱ्यानं सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि पूर्ण गुण दिले. शबानानं आणि मी ते गुण साजरे केले नाहीत.

पुढं अप्पांना हैदराबादला डॉक्टरांना दाखवलं. आजाराला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या. नाव मिळाल्यानं आई थोडी सावरली, कारण आता गल्लीत विचारलं तर सांगायला काहीतरी होतं. अप्पा रजेवरच निवृत्त झाले. मला हैदराबादच्या एका कंपनीत काम मिळालं आणि ते घरून करता येतं म्हणून मी घरी आहे. लोक म्हणतात, पोरगी बापासाठी थांबली. मी वाद घालत नाही. मला कधीकधी इथून पळून जावंसं वाटतं, हेही खरं.

दर वर्षी परीक्षा आली की मी सकाळी लवकर आवरते. पेपराच्या दिवशी त्यांच्या आधी दारात जाऊन उभी राहते, सांगायचं सगळं मनात लावून. मागच्या वर्षीसुद्धा त्यांनी शर्ट चढवला होता, बटणं चुकीची लावलेली. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, ‘बरं केलं’ म्हणाले. खरं सांगू, त्या दोन शब्दांसाठी मी वर्षभर थांबते. तेवढे ऐकले की वाटतं, आहेत, अजून आत कुठंतरी आहेत.

आज पहिला पेपर होता. मी दारात उभी राहिले. अप्पा उठले, आईनं त्यांना अंघोळ घातली, घरचा सदरा घातला. ते खुर्चीत बसून चहा प्यायले. पोरं दारावरून गेली, कुणीतरी मोठ्यानं सनावळ्या घोकत होतं. अप्पांनी मान वळवली नाही. मी वाट बघितली. शाळेची पहिली घंटा झाली. तरी ते उठले नाहीत, काही विचारलं नाही. शेवटी मलाच राहवलं नाही.

“अप्पा,” मी म्हटलं, “आज दहावीचा पेपर हाय.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओळख नव्हती, पण काळजी होती.

“मग तू हितं काय करायलीस बाई?” ते म्हणाले. “जा लवकर. तिथला मास्तर लई कडक हाय, घंटा झाल्यावर आत घेत न्हाई.”

“व्हय, जाते,” मी म्हटलं. चपला घातल्या आणि बाहेर येऊन भिंतीला लागून उभी राहिले.